कवडीचा गुडघा

खडकमाळ, कनेरगाव नाक्याजवळ
१६ नोव्हेंबर २०२५

चि. मोहीला भामाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पित्त कसं आहे? अजून उपाशी पोटी चहा ढोसून कामाला पळतेस का? तुझ्या खोलीतल्या सपनाचा खोकला गेला का? घरमालकीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, झालं का, आणि आता त्यांना दिसतं का नीट? दोन दिवाळ्यांमागं तू सांगितलं होतंस त्यावरून विचारते आहे. एवढ्या दिवसांत खोकला कशाचा राहील, पण माझ्याजवळ तुझ्याकडच्या बातम्या तेवढ्याच शिळ्या. त्याच ऊन करून करून खाते.

आणि आपली कवडी कशी आहे? तिचं विचारू नये हे मला कळतं. पण सगळ्यांची विचारपूस करून एकटीला वगळलं तर घशाखाली घास उतरणार नाही.

इकडं तुझ्या आईची कंबर आहे तशीच, वाकली की बसते अन् बसली की वाकते. तुझा बाप ठीक. दिसायला खडक, आतून भुसभुशीत, तुला माहीतच आहे. तुझ्या भावाची, शिवहारची, सर्दी गेली, जिभेचा तिखटपणा राहिला. मकबूलभाईंचे दोन दात पडले, तरी बाजारात मेंढराचे दात तेच मोजतात. हे पत्र नाक्यावरच्या टपालपेटीत तेच टाकणार आहेत. मी फोनच करणार होते, पण शिवहारनं तुझा नंबर फोनातून पुसला आहे, आणि फोनवर बोलायला गेलं की घरातल्या भिंतीसुद्धा कान टवकारतात. म्हणून हे. चुकलं असेल तर हसू नको. शाळेची पायरी न चढलेली बाई मी, पुड्याच्या कागदांवर अन् तुझ्या जुन्या पुस्तकांवर अक्षरं गिरवून इथवर आले.

आता खरं कारण लिहिते. आपल्या धाकटीचा, सुकन्याचा, पाय जरा मुरगळला.

जरा नाही, मोही. खोटं कशाला लिहू? पोलीस भरतीची तयारी करत होती पोरगी. सकाळी धावायची अन् संध्याकाळी पोरींसोबत कबड्डी खेळायची. कळमनुरीला सामना होता. चढाई करून परत फिरताना पाऊल मातीत रुतलं, अंग फिरलं अन् गुडघा तिथंच राहिला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला म्हणाली. गुडघ्याचा भोपळा झाला. नांदेडला नेऊन मशिनीत घालून फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या आतली दोरी पार तुटली आहे. मांडीतली दुसरी शीर काढून तिथं बसवावी लागेल, मग वर्षभर दमानं घ्यावं लागेल. वर्ष म्हटल्यावर पोरीनं जे तोंड फिरवलं ते अजून फिरवलेलंच आहे. भरती यंदा आहे ना.

परवा जेवताना तुझा बाप भाकरी मोडता मोडता थांबला अन् म्हणाला, "मोहीचं ते औषध गुडघ्याच्या दोरीचंच व्हतं ना?"

दोन वर्षांत त्यानं पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. तुझ्या आईच्या हातातली पळी वरणात पडली.

तू त्या दिवाळीला मोठ्या हौसेनं फोटो दाखवला होतास, हे बघा माझं काम. मेंढराच्या गुडघ्यातली दोरी कापायची अन् औषधानं जुळवायची. सगळे कौतुकानं बघत होते. तुझ्या बापाला मात्र गुडघ्यावरच्या पट्टीच्या आधी कान दिसला. डाव्या कानाच्या टोकाला मोराच्या पावलासारख्या तीन चिरा. आपल्या घराची कातर. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. तुझ्या वाट्याचं पिल्लू. लेकीच्या वाट्याच्या पिल्लाचा कान लेकच कातरते हा आपला रिवाज, म्हणजे त्या चिरा तुझ्याच हातच्या. त्यानं विचारलं, "खूण दिसली न्हाई तुला?" तू म्हणालीस, "दिसली." पुढचं मी लिहीत नाही.

पण एक लिहिते. चाऱ्याचे हाल होते त्या साली तुला न विचारता कवडी मकबूलभाईंना त्यानंच विकली होती. ती हातोहात फिरत तुमच्या त्या प्रयोगशाळेत पोचली. तो आरडाओरडा करत होता तेव्हा त्यातला निम्मा स्वतःवर होता. मला ऐकू येत होतं.

तर ते औषध काय आहे, आपल्या पोरीला चालेल का, धाडता येईल का, हे कळव.

तुझी भामाआत्या

*

खडकमाळ
४ डिसेंबर

मोही बाळा,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून तुझ्या आईनं ते आधी देवापुढं ठेवलं, मग मी फोडलं. ओट्यावर सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. तेच चुकलं की काय असं आता वाटतंय.

औषधाचं तू छान समजावून लिहिलंस. मूळपेशी म्हणून पेशी असतात, त्या अंगातून डोळ्याला न दिसणारे बारीक बुडबुडे सोडतात, अन् त्या बुडबुड्यांत शेजारच्या पेशींसाठी निरोप भरलेला असतो, की इथं फाटलंय, कामाला लागा. त्यांचं नाव एक्झोसोम. तुझी आई म्हणाली, "म्हंजे सांगावाच की." मकबूलभाई म्हणाले, "भाभी, आपले सांगावे बुडबुड्यात घालून धाडले असते तर शिवहारला पुसता आले नसते." शिवहार सोडून सगळे हसले.

पुढं तू लिहिलंस की मेंढरांच्या गुडघ्यात हे औषध दिलं, अन् ज्यांना दिलं नाही त्यांच्यापेक्षा दिलेल्यांच्या दोऱ्या बऱ्या जुळल्या. आणि त्याच्या खाली लिहिलंस, की माणसांसाठी हे अजून तयार नाही, नीट तपासणीबाहेर कोणी देत असेल तर घेऊ नका, नांदेडच्या डॉक्टरांचं ऐका.

मी दोन्ही वाचलं, मोही. एक अक्षर गाळलं नाही. पण तुझ्या बापानं पहिलं ऐकलं अन् कान मिटून घेतले.

आपलं कसं आहे ते तुला ठाऊक आहे. परक्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला गेलो की तिथलं पाणी आधी कळप पितो. कळपानं तोंड लावलं तरच माणसानं ओंजळ भरायची. मेंढरू हुंगून मागं सरलं तर विहीर कितीही नितळ असो, आपण तहानलेलं राहायचं. बापजाद्यांपासून हेच. त्यामुळं सरकारचा शिक्का, मोठ्या डॉक्टरची सही यांचं त्याला काही नाही. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "मेंढराला मानवलं ना? मंग माणसाला काहून न्हाई मानवनार?"

आणि शिवहार काय म्हणाला तेही लिहिते, कारण तुला दुसऱ्याकडून कळलं तर जास्त लागेल. म्हणाला, "दुनियेला वाटंल अन् घरालाच न्हाई म्हनते. डूक धरून बसलीय."

मी म्हटलं, "तुझ्या जिभेला कातर लावू का रे?" पण त्याचं बोलणं आईच्या मनात जाऊन बसलं. मायेच्या माणसाला संशय लवकर चिकटतो.

आता अडचणीचं. तालुक्याला एका लॉजवर कुठल्याशा बाहेरगावच्या दवाखान्याचं शिबिर भरतं. तिथला दिपक नावाचा माणूस घरी येऊन गेला. बूट बाहेर काढून बसला, आईच्या पाया पडला, लाघवी आहे. त्याच्याजवळ हेच एक्झोसोम आहे म्हणे. कापाकापी नाही, टाका नाही. गुडघ्यात सुई, अन् पोरगी महिनाभरात मैदानावर. शिवहारनं तुझं काम सांगितलं तर म्हणाला, "बराबर! तेच औषध, काका. तुमच्या ताईंच्याच लाईनचं." तुझ्या बापाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्याला वाटलं, लेकीचं औषध लेकीच्याच बहिणीला लागतंय, देवानं दोन्ही बाजूंनी टाका घातला. येत्या एकवीस तारखेला, रविवारी, न्यायचं ठरलं आहे.

सुकन्या तर हरखली आहे. सूज उतरली, आता लंगडतसुद्धा नाही. अंगणात चालून दाखवते, "बघ आत्या, निम्मा तर आपोआपच बरा झाला, उरलेला सुई करंल." आणि खरंच चालते गं. मी काय बोलू? मला गुडघ्यातलं काय कळतं?

मला एवढंच कळतं की मागच्या पत्रात मी चौघींची तब्येत विचारली होती. सपनाचं तू लिहिलंस, घरमालकीणबाईंचं लिहिलंस, पित्ताचं लिहिलंस. कवडीचं एक अक्षर नाही. विसरणारी तू नाहीस. लहानपणी पाटी फुटली तर तुकडे लपवून तू जेवायला लवकर यायचीस, तसं वाटलं मला.

कवडी जिवंत आहे का, मोही? ती चालते का? खरं ते लिही. गोड लिहू नको. तुझ्या बापाचा सगळा भरवसा त्या एका मेंढीच्या गुडघ्यावर उभा आहे, अन् त्याच्यावर आता सुकन्याचा गुडघा ठेवायचा आहे.

रविवारच्या आत पोचेल असं लिही.

आत्या

*

खडकमाळ
२२ डिसेंबर

मोही,

तुझं पत्र गुरुवारी आलं. या वेळी देवापुढं ठेवू दिलं नाही, कडब्याच्या गंजीमागं जाऊन एकटीनं वाचलं. वाचून तुझा राग आला. तुला लहानपणी मी मांडीवर घेऊन मेंढीच्या आचळाची धार तोंडात सोडायचे ते आठवलं अन् वाटलं, हीच का ती. दिवसभर तुझ्यावर चिडून होते, भाकरी दोनदा करपली. मग पुन्हा वाचलं, तेव्हा दिसलं की कागद मधेच एका जागी फुगलेला होता, पाण्याचा थेंब वाळल्यावर फुगतो तसा.

शुक्रवारी मकबूलभाईंच्या गाडीवर बसून कळमनुरीकडं गेले. तुझ्या बापानं तिकडं एका शेतात मेंढरं बसवली आहेत. दुपारची वेळ, कळप लिंबाखाली रवंथ करत होता. मला बघून तो उठला, "काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. खाली बस. मोहीचं पत्र वाचायचंय."

"पुन्हा न्हाईच म्हनते ना? ऱ्हाऊ दे."

"कवडीचं लिहिलंय," मी म्हटलं. तेव्हा बसला.

मी वाचलं. तू लिहिलं होतंस तसंच. की कवडीची दोरी आधी मोठ्या डॉक्टरांनी गुडघा उघडून टाके घालून जोडली होती, औषध नंतर, त्या जोडावर. नुसत्या सुईनं तुटलेली दोरी एकाही मेंढराची जुळलेली नाही. की कवडी थोड्याच दिवसांत झ्याक चालायला लागली, पळायलासुद्धा. आणि आत काय झालंय हे कळायला दुसरा मार्ग नसतो, म्हणून शेवटी तिला कायमचं झोपवलं अन् गुडघा उघडून दोरी यंत्रावर ताणून पाहिली. बाकीच्यांपेक्षा बरी होती, पण देवानं दिलेल्या दोरीच्या मानानं लवकर तुटली. चालत होती म्हणून बरी झाली होती असं नाही, आत्या, असं तू लिहिलंस.

मकबूलभाई उगाच गाडीचं चाक पुसत राहिले.

"आधी टाके घातले व्हते?" त्यानं विचारलं.

"हो."

"त्ये पुन्हा वाच."

मी वाचलं. मग त्यानं विचारलं, "मेली तवा कोन व्हतं तिच्यापाशी?"

तेही तू लिहिलं होतंस, पण मी वाचायचं ठेवलं होतं. आता वाचलं. की तिचं डोकं तू मांडीवर घेतलं. तिथले सोबती बघत असताना तू आपल्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या तोंडाला लावलं. ज्यानं कान कातरला त्यानंच शेवटचं पाणी पाजायचं, हा आपला रिवाज तू तिकडं, त्या फरशीवर, पांढऱ्या कपड्यांत पाळलास. आणि ती पाणी पिली.

तो उठला. हौदाकडं गेला, तोंडावर पाणी मारलं अन् पाठमोराच म्हणाला, "म्या इकली, तिनं कापली. दोघं बी सारखेच."

एवढंच बोलला. माफ केलं असं नाही म्हणाला, ते मी तुला जोडून सांगणार नाही.

काल रविवार. तो पहाटेच कळप शिवहारच्या मेव्हण्यावर टाकून घरी हजर. शिवहारनं गाडी आणलेली, सुकन्या नवा ड्रेस घालून तयार, दिपक स्वतः न्यायला आलेला. तुझा बाप दारात उभा राहिला अन् त्याला म्हणाला, "साहेब, आधी टाके घालता का तुमी?"

"टाक्याची गरजच नाही काका! तेच तर आपल्या औषधाचं वैशिष्ट्य. एक सुई, बस."

"माझ्या मेंढराला आधी टाके पडले व्हते, मंग औषध. तुमी म्हनता, तेच औषध. मंग टाके कुठं गेले?"

दिपक हसला. "काका, मेंढराचं अन् माणसाचं वेगळं असतं."

"त्या दिवशी तर सारखंच व्हतं," तुझा बाप म्हणाला. "या तुमी. पोरगी न्हाई येत."

शिवहारनं आदळआपट केली, दिपकनं गोड बोलून पाहिलं, मग बूट घातले अन् गेला. पण सुकन्या, मोही! ती माझ्याकडं वळली. "तूच वाचून दाखवलं ना? तुमा म्हाताऱ्यांना माजी भरती नकोच हाय. बघा, बरा हाय माजा पाय, बघा!" अन् तशीच धावत सुटली. गोठ्याला वळसा घालून बांधापर्यंत गेली, सुसाट गेली. क्षणभर मला वाटलं, आपणच चुकलो. बांधाशी ती परत फिरली अन् गुडघा आतल्या आत सटकला. ओरडलीसुद्धा नाही. तशीच खाली बसली, गुडघा दोन्ही हातांनी धरून.

सगळ्यात आधी शिवहार पळाला. तिला पाठीवर घेऊन आला. दोघं बहीणभाऊ रडत होते.

आज पुन्हा नांदेडला नेलं आहे. मी घरी एकटी आहे, म्हणून लिहीत बसले. तू हे सारं आधीच लिहिलं असतंस तर, असं मनात येतं. मग वाटतं, आम्ही ऐकलं असतं का?

आत्या

*

खडकमाळ
२५ जानेवारी २०२६

चि. मोही,

सुकन्याचं ऑपरेशन पार पडलं. दोरी बसवली. त्या दिवशीच्या धावण्यानं आतली गादीपण जराशी फाटली होती, तीही शिवली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, अजून पळवली असती तर गुडघा कायमचा गेला असता. आता ती घरी आहे. भिंतीला धरून टाच सरकवायचा व्यायाम करते, करता करता शिव्या देते. आधी मला द्यायची, आता गुडघ्याला देते, म्हणजे सुधारणा आहे. पण यंदाची भरती गेली. सोबतच्या पोरी मैदानावर जायला निघाल्या की ही आत जाऊन पडते. तिला कोणत्या शब्दांत समजवायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर तिला वेगळी चिठ्ठी लिही. परवा तिनं विचारलं, "आत्या, आक्काचं औषध कधी तयार व्हईल माणसांसाठी?" मी म्हटलं, तूच विचार तिला.

शिवहारनं तुझा नंबर माझ्याकडं मागितला. माझ्याकडं नाही म्हटलं तर म्हणाला, "पत्रात इचार." विचारते आहे.

आता शेवटचं लिहिते, त्याच्यासाठीच कागद घेतला.

कवडीची लेक, ती एक पाठ कळपात होती, तुला आठवत असेल, काळ्या तोंडाची. ती यंदा व्याली. पिल्लूही मादीच, पाठ आहे, कपाळावर ठिपका नाही, पण चाल आजीचीच. परवा तुझा बाप कातर घेऊन बसला, सगळ्या पिल्लांचे कान झाले. ही एक त्यानं बाजूला बांधली. मला वाटलं, नजरेतून सुटली.

"संपत, ही राहिली की रे."

"ती ऱ्हाऊ दे."

"काहून?"

कातर पुसत राहिला. मग म्हणाला, "ती मोहीच्या वाट्याची. तिच्या हातची कातर."

तुझी आई चुलीपासून उठून दारात आली. मी विचारलं, "मग बोलावू का तिला?"

"मी बोलवत न्हाई," तो म्हणाला. "राग हाय माजा. खूण बघून बी हात चालवला तिनं, ते मी मरंपतूर इसरनार न्हाई." कातर बाजूला ठेवत म्हणाला, "पर पानी पाजलं तिनं. ते बी न्हाई इसरनार."

आणि बाहेर जाता जाता, माझ्याकडं न बघता, "आलीच तर म्हनावं, दारात आधी हात धुव. मंग पिल्लू धर."

मोही, मी तुझ्या बापाला पाळण्यात बघितलं आहे. याच्यापेक्षा जास्त बोलणं त्याच्याच्यानं होणार नाही, आणि तू यापेक्षा जास्तीची वाट बघत बसू नको. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. तुझं काम सोड असं मी म्हणत नाही, सुकन्याचा गुडघा बघितल्यापासून तर अजिबात नाही. पण पिल्लाचा कान शिमग्यापर्यंतच कोवळा असतो. मग तो जाड होतो, कातर लागली की पिल्लू ओरडतं, रक्त थांबत नाही, आणि मग आपल्यात कोणी तो कान कातरत नाही. बिनखुणेचं मेंढरू कुणाचंच नसतं.

तुझी आई रोज संध्याकाळी त्या पिल्लाचा कान चिमटीत धरून बघते अन् मला सांगते, "आजून मऊ हाय." तेव्हा पत्राचं उत्तर लवकर लिही.

तुझी
भामाआत्या